घडी न मोडलेलं कापड

१

कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली खिळ्याला होती आणि टोपली रिकामी होती.

शुक्रवारी दुपारी साडेचारला पद्मजाबाईंनी गॅरेजचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या मागे दुधाचं पातेलं घेऊन सोसायटीचा वॉचमन सहदेव उभा होता. आत तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर पसरली होती. पायाला प्लास्टर घातलेला म्हातारा बोका कोपऱ्यात घोरत होता. लांडी तेवढी नव्हती.

विलेपार्ल्याच्या पूर्वेला, प्राजक्ता सोसायटीच्या मागच्या अंगणातल्या या गॅरेजला सगळे मांजरघर म्हणत. काही कौतुकाने म्हणत, काही नाक मुरडून. पद्मजाबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. रिक्षाखाली आलेली, गटारात पडलेली, कोणी पोत्यात भरून सोडून दिलेली मांजरं त्या उचलून आणत, बरी करत आणि चांगलं घर बघून देऊन टाकत. घर बघताना चौकशा अशा करत, की मुलीच्या बापाने शिकून घ्याव्यात. लांडी दीड महिन्यापूर्वी शेपूट चिरडलेल्या अवस्थेत आली. डॉक्टरांनी शेपूट कापलं, जीव वाचला. रविवारी सकाळी ती शेजारच्या इमारतीतल्या जयंतीबाईंकडे जायची होती.

आरडाओरडा न होताही बातमी जिने चढली. सेक्रेटरी श्यामकांत बनियनवर शर्ट चढवत खाली आले.

"किल्ली कुठे असते?"

"माझ्या केबिनमध्ये, साहेब. खिळ्याला."

"आणि दुपारी तू कुठे होतास?"

"केबिनमध्येच."

"झोपला होतास?"

"नाही, साहेब."

श्यामकांत हसले. त्यांचं मारुती गाडीचं बुकिंग होतं, नंबर लागला होता, आणि सोसायटीत रिकामं करता येण्याजोगं गॅरेज एकच होतं. "रविवारी पाच वाजता मीटिंग आहे," ते म्हणाले. "मांजरघराविरुद्ध लेखी तक्रार आलेलीच आहे. आता तर कुलपातून मांजर जातंय. उद्या कोणाच्या घरातून टीव्ही जाईल. रविवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मांजरं आरेच्या जंगलात सोडायची आणि वॉचमन दुसरा बघायचा. मी ठराव मांडणार आहे."

पद्मजाबाई वळून आत गेल्या. त्यांनी लांडीच्या वाटचं दूध बोक्याच्या ताटलीत ओतलं, पण बरंचसं जमिनीवर सांडलं.

सहदेव केबिनमध्ये येऊन बसला. परळच्या एका मिलमध्ये त्याने बावीस वर्षं घडी खात्यात काढली होती. टेबलावरून कापड वाहत यायचं, त्यातला दोष टिपायचा, खडूने खूण करायची, घडी घालायची. तीन वर्षांपूर्वीच्या संपात मिल गेली. कापड मात्र डोळ्यांतून गेलं नाही. जानेवारीच्या कोवळ्या दुपारी बिस्किटांच्या कारखान्याकडून भाजलेल्या साखरेचा वास आला, की त्याचे डोळे मिटत आणि आतून कापड वाहू लागे.

तो खोटं बोलला होता. अडीच वाजता तो झोपला होता, आणि झोपेत पिवळंधमक कापड बघत होता. त्यावर निळी फुलं होती. कापड हवेत सावकाश हलत होतं. एका फुलाचा निळा रंग रेषेबाहेर सरकला होता, आणि तो दोष दिसताच झोपेतही त्याची बोटं खडू शोधायला लागली होती.

२

शनिवारी सकाळी पद्मजाबाई म्हणाल्या, "सहदेव, तुम्ही एकदा नीट बघा. माझे डोळे आता काही बघायला तयार नाहीत."

सहदेवने कुलूप पाहिलं. ओरखडा नाही. छताजवळ झरोका होता. त्याची जाळी एका कोपऱ्यात गंजून सुटली होती. खाली रंगाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले.

"इथून गेली असेल?"

"ती उडीच मारत नव्हती हो. शेपूट गेल्यापासून तोल सांभाळता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिन्यात पायरीसुद्धा चढली नाही. तिला कोणीतरी उचलून नेलंय."

सहदेव टोपलीपाशी बसला. टोपलीत वर पांढरं कापड होतं, खाली एक जुनी गोधडी. पांढरं कापड बघताना तो थबकला. हे कापड इथे कशासाठी आहे ते त्याला ठाऊक होतं. पद्मजाबाईंचा तो नियमच होता. ज्या घरी मांजर द्यायचं, त्या घरातलं अंगाखालचं किंवा अंगावरचं वापरलेलं कापड आठ दिवस आधी आणायचं आणि टोपलीत घालायचं. मांजर त्याच्यावर झोपतं. घरी जायच्या आधीच ते घर त्याच्या ओळखीचं होतं. आजवर दिलेल्या चाळीसेक मांजरांपैकी एकही परत पळून आलं नव्हतं.

"बाई, हे कापड जयंतीबाईंनी कधी दिलं?"

"मागच्या शुक्रवारी. आठ दिवस झाले."

"यावर कोणी झोपलेलं नाही."

पद्मजाबाईंनी चष्मा पुसला.

"घडीच्या रेषा बघा. उभ्या चार, आडवी एक. मांजराचं दोन-अडीच किलो वजन आठ दिवस पडलं असतं, तर यातली एकही रेषा जिवंत राहिली नसती. केसही नाही वर. कापड टोपलीत घातलं तसंच आहे, आणि याला खळ आहे."

३

जयंतीबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या घरात फिनेलचा वास होता आणि फरशीत तोंड दिसत होतं. मांजर हरवल्याचं त्यांनाही खरोखर वाईट वाटलं होतं. दोन्ही मुली परदेशी, संध्याकाळ खायला उठते, घरात कोणाशी तरी बोलायला हवं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"कापड तुम्ही धुऊन दिलंत का?" सहदेवने विचारलं.

"म्हणजे काय? दोनदा धुतलं. नीळ घातली, खळ केली, इस्त्री केली, आणि कपाटात डांबरगोळ्यांत ठेवलं. पद्मजाबाई म्हणाल्या होत्या, वापरलेलंच द्या, धुऊ नका. पण मळकट कापड दुसऱ्याच्या हातात द्यायचं? लोक काय म्हणतील? मांजर झालं म्हणून काय झालं."

सहदेवने मान डोलावली. पार्ल्यात राहून मळकं कापड दारातून बाहेर देणं कोणाला जमलं असतं? म्हणजे लांडीला आठ दिवस या घराची नाही, डांबरगोळीची ओळख करून दिली जात होती. ती त्या कापडाखाली शिरून झोपत असणार. पण त्यावरून मांजर कुठे गेलं ते कळत नव्हतं.

श्यामकांतांकडे जाण्यात अर्थ नव्हता, तरी तो गेला. "मला मांजर चोरायची गरज काय?" ते म्हणाले. "मीटिंगला बहुमत माझंच आहे. उलट ते पळालं ते बरंच झालं, पण ते मी केलं नाही." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की सहदेवला खरं वाटलं. सोसायटीत हात वर करून मिळणाऱ्या गोष्टीसाठी कोणी चोरी करत नाही.

राहिले पहिल्या मजल्यावरचे मधुकरराव. लेखी तक्रार त्यांचीच होती. बँकेतून निवृत्त, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, गॅलरीत पिंजरा आणि पिंजऱ्यात लव्हबर्डची दोन जोडपी. म्हाताऱ्या बोक्याने एकदा पिंजऱ्याकडे नुसतं पाहिलं, तर यांनी दोन पानी अर्ज लिहिला होता.

मधुकररावांनी दार चार बोटं उघडलं.

"साहेब, लांडीबद्दल..."

"हळू बोला," ते कुजबुजले.

"का, साहेब?"

ते क्षणभर गोंधळले. "पाखरं झोपलीत," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सहदेव खाली आला आणि सवयीने वर बघितलं. पिंजरा गॅलरीत उन्हात टांगलेला होता, गॅलरीचं दार आतून बंद होतं, आणि चारही पाखरं टक्क जागी राहून भांडत होती.

४

मागच्या फाटकाशी वनमाला टोपली उतरवून बसली होती. सहदेवसारखी तीही मालवणकडची. संपानंतर नवरा घरी बसला, तेव्हा हिने मासळी विकायला घेतली. मांजरघरासाठी डोकी, शेपट्या ती रोज फुकट टाकून जाई.

"काय रे सहदेवा, तोंड कित्याक उतारलां?"

"तुका म्हायत हा. लांडी गेली. उद्या माझी नोकरी पण जातली."

वनमालाने मांदेलीवरची माशी हाकलली. "एक सांगतंय. पण नाव इचारू नको, माका शपथ घातली हा."

"बोल."

"जो माणूस जन्मात माशाच्या वाऱ्याक उभो रवलो नाय, तेणां आज सकाळी माझ्याकडसून दोन मांदेली घेतल्यान. रुमालात. आणि माकाच इचारता, ह्येंका उकडूचा लागता काय."

सहदेव हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. प्राजक्ता सोसायटीत मासे न खाणारी बिऱ्हाडं सात होती. पण घरात बायकोला, आईला किंवा सुनेला न विचारता मासळी आणू शकेल असा माणूस त्यातून एकच निघत होता.

तरी गाठ सुटत नव्हती. मांजरांचा वैरी मांजर कशाला नेईल? आणि दुपारच्या उजेडात, किल्लीला हात न लावता, कसं?

५

रविवारी दुपारी तो पुन्हा गॅरेजमध्ये गेला. पांढरं कापड बाजूला ठेवून त्याने खालची गोधडी पहिल्यांदाच उचलली. वरच्या बाजूला करड्या केसांचा थर होता. झोपणारीने आपली जागा कधीच ठरवली होती.

"ही कुठली, बाई?"

"बोहारणीकडून घेतली. पावसाळ्यानंतर. दोन स्टीलच्या वाट्या दिल्या. तिने कुठल्या दारातून उचलली ते देव जाणे."

सहदेवने गोधडी उलटली. आतली बाजू जुन्या साडीची होती, वॉइलची, पिवळीधमक, निळ्या फुलांची. त्याने ती उजेडात धरली. प्रत्येक आठव्या फुलाचा निळा रंग रेषेबाहेर सरकला होता.

हे फूल तो ओळखत होता. छपाईचा साचा सरकल्यामुळे तो अख्खा ताग्यांचा गठ्ठा बाद झाला होता, आणि त्यावर 'सेकंड' म्हणून खडू मारणारा हात त्याचाच होता. तो माल मिलच्या दुकानात स्वस्तात गेला. काटकसरी बायकांनी एकेक नाही, दोन-दोन साड्या नेल्या. पण हेच फूल परवा दुपारी त्याच्या स्वप्नात आलं होतं, आणि बावीस वर्षांत हातातून गेलेल्या हजारो नमुन्यांतून नेमकं हेच का यावं?

केबिनमधलं घड्याळ अडीच दाखवत होतं. सहदेव खुर्चीत बसला, परवा बसला होता तसाच, मान भिंतीला टेकवून. भाजलेल्या साखरेचा वास आला. त्याने डोळे मिटले नाहीत, किलकिले ठेवले.

समोर बदामाचं झाड होतं. झाडाच्या एका फांदीखाली मांजरघराचा झरोका, आणि फांदीच्या शेंड्याला पहिल्या मजल्याची गॅलरी. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी होती. आज रिकामी. परवा तिच्यावर पिवळं कापड हलत होतं.

ते स्वप्न नव्हतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्याने ते समोर पाहिलं होतं. ज्या घरात दोन वर्षांत बाईमाणूस नव्हतं, त्या घराच्या दोरीवर शुक्रवारी साडी उन्हाला घातलेली होती.

६

चार वाजता, मीटिंगच्या तासभर आधी, त्याने मधुकररावांचं दार वाजवलं. हातात गोधडी होती. मधुकररावांनी गोधडी पाहिली आणि दार पूर्ण उघडलं.

आतल्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर अंथरूण विस्कटलेलं, दुसरी नीट आवरलेली. आवरलेल्या खाटेच्या पायथ्याशी, पिवळ्या साडीच्या घडीवर, लांडी झोपली होती.

"कसं कळलं?" मधुकररावांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्ही नेली नाहीत, साहेब. ती आली," सहदेवही कुजबुजला. "जयंतीबाईंच्या कापडाला घराचा वास नव्हता, म्हणून ती खाली गोधडीवर झोपायची. दीड महिना तिने या घराची ओळख करून घेतली. शुक्रवारी तुम्ही साड्या उन्हाला घातल्या. तोच वास झरोक्यातून आत आला. डब्यांवरून जाळीपर्यंत, जाळीतून फांदीवर, फांदीवरून इथे. सगळे म्हणत होते तिला उडी मारता येत नाही. तिला जायचं कुठे ते ठाऊक नव्हतं, एवढंच."

मधुकरराव खाटेच्या कडेला बसले. "राधाने शिवलेली ती गोधडी. तिचं सगळं बघवेना, म्हणून मीच बोहारणीला देऊन टाकली. न धुता. मग रात्ररात्र वाटायचं, का दिली. एक ट्रंक राहिली होती. शुक्रवारी ती उघडली. साड्या उन्हात घातल्या, आत येऊन पडलो. डोळा उघडला तर राधाच्या खाटेवर ही. मला वाटलं मी झोपेतच आहे. मी हललोसुद्धा नाही, म्हटलं हललो तर जागा होईन."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कोणत्या तोंडाने? दोन पानी अर्ज माझा. मांजरं घाण करतात, उपद्रव देतात, ताबडतोब हाकला. खाली माझी सही आहे." त्यांनी लांडीच्या पाठीवरून हात फिरवला. हात अजून सवयीचा झालेला नव्हता. "तुमची नोकरी जाणार, मला माहीत होतं. काल रात्रभर स्वतःला म्हणत होतो, सकाळी सांगतो. सकाळी ती उठून माझ्या पायात घुटमळली, आणि मी म्हटलं, दुपारी सांगतो. मी चांगला माणूस नाही, सहदेव."

सहदेवला राग यायला हवा होता. आला नाही. मिल सुटल्यावर सहा महिने तोही पहाटे उठून डबा भरायला लावत असे, आणि मग दादर स्टेशनावर बसून राहत असे. माणूस काय काय धरून ठेवतो, ते त्याला माहीत होतं.

"मी तुमचं नाव घेणार नाही," तो म्हणाला आणि उठला.

७

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. श्यामकांतांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा सहदेव पुढे आला.

"मला आधी बोलायचंय, साहेब. शुक्रवारी तुम्ही विचारलंत, झोपला होतास का. मी नाही म्हणालो. मी झोपलो होतो."

खुर्च्या कुरकुरल्या. पद्मजाबाईंनी मान खाली घातली.

"मांजर कोणी चोरलेलं नाही. झरोक्यातून गेलं. कुठे आहे ते मला माहीत आहे, सुखरूप आहे. पण कुठे ते मी सांगणार नाही."

"सांगणार नाहीस?" श्यामकांतांनी कागद मांडीवर ठेवला. "ड्यूटीवर झोपायचं, खोटं बोलायचं आणि वर लपवायचं. मंडळी, आता चर्चा करण्यासारखं काही उरलंय का? ठरावाच्या बाजूने हात वर करा."

तीन हात वर झाले. मग चौथा. पाचवा होणार एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

मधुकरराव आले. त्यांनी शाल पोटाशी धरली होती आणि शालीतून दोन करडे कान बाहेर आले होते. एक-एक पायरी ते अशी उतरले, जशी भरलेली कळशी घेऊन उतरावी. वर झालेले हात हवेतच राहिले.

"मांजर माझ्याकडे होतं," ते म्हणाले. "या माणसाने शोधून काढलं आणि माझी अब्रू झाकायला स्वतःची नोकरी द्यायला निघालाय. माझा अर्ज मी परत घेतो. फाडून टाका."

"पण मधुकरराव, लपवलंत कशाला?" श्यामकांत खरोखर चकित झाले होते.

मधुकररावांनी शालीतल्या कानांकडे बघितलं. "दोन वर्षांनी घरात माझ्याशिवाय कोणाचा तरी श्वास ऐकू आला," ते म्हणाले. "तो बंद होऊ नये म्हणून."

वरचे हात एकेक करून खाली आले, आणि श्यामकांतांनी ठरावाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "गाडी काय, झाडाखालीही राहील," ते पुटपुटले. "रोज पुसावी लागेल, दुसरं काय."

जयंतीबाईंचे डोळे भरले होते, पण व्यवहार त्यांना सुटला नव्हता. "माझं मांजर गेलं ना पण," त्या म्हणाल्या. "आणि त्या पाखरांचं काय? एका घरात मांजर आणि पाखरं कशी नांदणार?"

"पाखरं तुम्ही न्या," मधुकरराव म्हणाले. "ती दिवसभर बोलतात. मी ऐकत नव्हतो, एवढंच."

पद्मजाबाई उठल्या. त्यांनी लांडीच्या कानामागे खाजवलं, मग मधुकररावांकडे शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मांजर असं मिळत नाही. घर बघितल्याशिवाय मी देत नाही. उद्या सकाळी दहाला मी आणि सहदेव येतो."

"या ना, जरूर या." मधुकररावांनी शाल सावरली आणि जरा घुटमळले. "चहा करता येतो मला. पण एकापेक्षा जास्त कप केल्याला खूप दिवस झाले. माप चुकेल कदाचित."

"चुकू दे," पद्मजाबाई म्हणाल्या.

मधुकरराव जिन्याकडे वळले. दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली आले आणि सहदेव चहात साखर किती घेतो, ते त्याला विचारून गेले.